लाख, अभ्रक आणि फळीवरचा पातळ थर

१/२६
वाशी किंवा तुर्भ्याच्या प्लायवुडच्या दुकानात आठ बाय चार फुटांचे रंगीत तक्ते भिंतीला टेकवून उभे असतात. सुतार त्यांना ‘सनमायका’ म्हणतो. तिथून थोड्याच अंतरावर, नेरुळच्या स्केटपार्कमध्ये मुले ज्या फळ्यांवर तोल सांभाळतात, त्याही पातळ थर एकमेकांना चिकटवून घडलेल्या असतात. कपाटावरचा तक्ता आणि खेळाची फळी यांचे कूळ एकच आहे. त्या कुळाचा माग काढू लागले की वाट छोटा नागपूरच्या जंगलात, कोडरमाच्या खाणीत आणि सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊन पोहोचते. त्या वाटेचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/२६
आधी शब्द स्पष्ट करून घ्यावा. स्नोबोर्ड, स्की किंवा काइटबोर्ड ही एकसंध फळी नसते. मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे कापड, तळाला घसरणारा थर आणि सर्वांत वर ‘टॉपशीट’ अशी तिची रचना असते. टॉपशीट म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा प्लास्टिकचा पातळ पत्रा. चित्र त्यावरच छापलेले असते. पण पाणी, ऊन आणि ओरखडे यांपासून आतल्या लाकडाचे रक्षण करणे हे त्याचे खरे काम. घरी फळी बनवणाऱ्याची खरी परीक्षा हा पत्रा बसवतानाच होते. एक बुडबुडा आत राहिला, तरी पुढे तिथूनच थर सुटू लागतो.

३/२६
थर चिकटवण्याने इतका फरक का पडतो? एक जाड वही वाकवून पाहावी. पाने एकमेकांवरून सरकतात आणि वही सहज वाकते. तीच पाने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवली, तर सरकणे थांबते आणि वहीची फळी होते. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकसारखे सात थर नुसते एकावर एक ठेवले, तर ताठपणा एका थराच्या सातपट होतो. तेच सात थर पक्के चिकटले, तर तो आदर्श स्थितीत ३४३ पट होतो. लाकूड तेच, जाडीही तीच. मधला ४९ पटींचा फरक केवळ चिकटण्याचा.

४/२६
ही युक्ती माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे तिसऱ्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक शवपेटी सापडली. तिच्या भिंती लाकडाच्या सहा पातळ थरांच्या होत्या आणि लगतच्या थरांतील रेषा एकमेकींना काटकोनात होत्या. आजच्या प्लायवुडचे तत्त्व हेच. लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत असते आणि आडवे सहज चिरते. थरांची दिशा आलटून पालटून ठेवली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

५/२६
महाराष्ट्रात या विद्येचे एक सुंदर उदाहरण सावंतवाडीत आहे, ते म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. पारंपरिक पद्धतीत जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवत, वर खडूचा लेप देऊन तो घोटत आणि मग पाने कापून रंगवत. शेवटी लाखेचा हात फिरे. बोटांत लवचीक वाटावे, पण दुमडू नये, आणि दमट कोकणात टिकावे, असे ते पान. थर, चिकट पदार्थ, चित्र आणि वरचे संरक्षक कवच ही टॉपशीटची चारही अंगे त्यात आहेत.

६/२६
त्यातील लाख हा या कथेचा पहिला नायक. संस्कृत ‘लाक्षा’, मराठी ‘लाख’. पांडवांना जाळण्यासाठी उभारलेले लाक्षागृह प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. लाख उष्णतेने वितळते आणि भडकून पेटते, हे ज्ञान त्या कथेत गृहीतच आहे. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि इंग्रजीतील ‘लॅकर’ त्यातून घडला. पुढे युरोपीयांनी चीन आणि जपानच्या चकचकीत वस्तूंनाही हेच नाव दिले. वास्तविक तिकडचे रोगण झाडाच्या चिकापासून होते, लाखेपासून नव्हे. वस्तू निराळी, पण नाव भारतीय.

७/२६
लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक रस शोषत बसतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतो. फांद्या तोडून ते कवच खरवडायचे, धुऊन रंग काढायचा, वितळवून गाळायचे आणि पातळ पापुद्रे करायचे. तो झाला चपडा. हे काम प्रामुख्याने छोटा नागपूर, मध्य भारत आणि पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील आदिवासी कुटुंबे करीत आली. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा म्हणजेच सुताराचे ‘फ्रेंच पॉलिश’. नाव फ्रेंच, माल मात्र पळसावरचा.

८/२६
लाकडावर लाखेचा थर देण्याची आणखी एक देशी रीत आहे. लाकूड चरकावर, म्हणजे लेथवर फिरत असते आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि दाबामुळे लाकडाला एकजीव होऊन बसते. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी यान ह्यूखेन फान लिन्सखोतेन याने आपल्या १५९६ च्या प्रवासग्रंथात भारतातील या लाखकामाची नोंद केली आहे. उष्णता आणि दाब या दोन शब्दांची येथे खूणगाठ बांधावी; तीनशे वर्षांनंतर ते एका अमेरिकी पेटंटात पुन्हा भेटतात.

९/२६
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखेचे नशीब पालटले. विजेचे युग आले. तारा आणि यंत्रांतील गुंडाळ्यांना वीजरोधक कवच हवे होते आणि चपडा त्यासाठी उत्तम होता. त्याच सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्याही चपड्याचे मिश्रण साच्यात दाबून होऊ लागल्या. ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांवर नाट्यगीते घराघरांत पोहोचली, त्यांचा मुख्य बंधक पदार्थ हाच. मागणी वाढत गेली, पण कीटक काही कारखान्याच्या भोंग्यावर काम करीत नाही. पुरवठा हंगामावर अवलंबून राहिला आणि भाव चढत गेला.

१०/२६
दुसरा नायक अभ्रक. या खनिजाचे नैसर्गिकच पापुद्रे सुटतात. ते वीज अडवतात आणि उष्णतेला दाद देत नाहीत. विद्युतयंत्रांत ते अपरिहार्य ठरले. अभ्रकाच्या पत्र्यांचा जगातील एक प्रमुख पुरवठादार होता भारत, आणि त्यातही कोडरमा आणि हजारीबागचा पट्टा. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिका आणि युरोपातील वीजउद्योग दोन भारतीय पदार्थांवर विसंबून होता: एक जंगलातून येणारा, दुसरा जमिनीखालून. दोन्ही दूरचे, महाग आणि बेभरवशाचे. पर्याय शोधणाऱ्याला मोठे बक्षीस मिळणार, हे उघड होते.

११/२६
तो शोध लिओ बेकेलँड याने घेतला. १८६३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेला हा रसायनज्ञ अमेरिकेत स्थायिक झाला होता. छायाचित्रणाचा ‘व्हेलॉक्स’ कागद जॉर्ज ईस्टमनला विकून तो श्रीमंत झाला आणि यॉन्कर्स येथील घरच्या प्रयोगशाळेत कृत्रिम लाखेच्या मागे लागला. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र आले की चिकट राळ तयार होते, हे अडॉल्फ फॉन बायर याने १८७२ मध्येच पाहिले होते. बेकेलँडने त्यातून प्रथम जो विरघळणारा पदार्थ काढला, त्याचे नाव ‘नोव्होलॅक’, म्हणजे ‘नवी लाख’. बाजारात तो फारसा चालला नाही. पण कोणाची जागा घ्यायची होती, हे त्या नावातच लिहिलेले आहे.

१२/२६
मग त्याने दिशा बदलली. लाखेप्रमाणे विरघळणारा पदार्थ करण्याऐवजी, एकदा घट्ट झाला की पुन्हा न वितळणारा पदार्थ का करू नये? जुलै १९०७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ते ‘उष्णता आणि दाब पेटंट’ म्हणून ओळखले जाते. १९०९ मध्ये ‘बेकलाइट’ जगासमोर आले. लाख उष्णतेने वितळते आणि थंड झाल्यावर गोठते, हे चक्र कितीही वेळा चालते. बेकलाइटमध्ये मात्र रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. सावंतवाडीच्या चरकावरील आणि यॉन्कर्सच्या प्रयोगशाळेतील कृतीत साम्य आहे. फरक पडला तो या गुंफणीमुळे.

१३/२६
येथून पत्र्याचा जन्म जवळच होता. पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर हे दोन तरुण काम करीत. बेकलाइटच्या राळेत भिजवलेली गुंडाळी दांड्यावर चढवायची, ती उभी चिरून उलगडायची आणि प्रेसमध्ये सपाट दाबायची, अशी कृती ओकॉनरने बसवली. हाती आला एक कडक, हलका, वीजरोधक पत्रा. १९१३ मध्ये दोघांनी नोकरी सोडली आणि सिनसिनाटी येथे स्वतःची कंपनी काढली. त्यांचा माल अभ्रकाच्या ऐवजी वापरायचा होता. ‘अभ्रकासाठी पर्याय’ या अर्थाच्या ‘फॉर मायका’ या दोन इंग्रजी शब्दांवरून नाव पडले ‘फॉर्मायका’.

१४/२६
यातील गंमत मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. ‘मायका’ म्हणजे अभ्रक. फॉर्मायकात अभ्रक नव्हते. ते नाव मुळी अभ्रकाच्या अभावाचे होते. पुढे भारतात ‘सनमायका’ हे एका व्यापारचिन्हाचे नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या तक्त्याला सुतार सनमायकाच म्हणू लागला. म्हणजे घरोघरच्या ओट्यावर, टेबलावर आणि कपाटावर आज जो शब्द नांदतो, त्यात कोडरमाच्या खनिजाची आठवण आहे. पण त्या वस्तूत ते खनिज नाही. बाजारातून हटवलेला माल नावापुरता मागे राहिला.

१५/२६
वीजरोधक पत्र्याचा शोभेचा तक्ता कसा झाला? फिनॉलची राळ मूळचीच तपकिरी. तिच्यात चित्र उठत नसे. १९२७ च्या सुमारास तपकिरी थर झाकणारा अपारदर्शक कागद मध्ये घालून त्यावर लाकडाच्या रेषा छापण्याची युक्ती निघाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पारदर्शक आणि कणखर मेलामाइन राळ आली. तेव्हापासून रचना ठरली: खाली फिनॉलमध्ये भिजलेले खाकी कागद, वर मेलामाइनमध्ये भिजलेला चित्राचा कागद आणि त्यावर संरक्षक पापुद्रा. १२० अंशांहून अधिक उष्णता आणि दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून अधिक दाब दिला की हे कागद एकजीव होतात. सनमायकाची पाठ आजही तपकिरी असते, ती याच फिनॉलमुळे.

१६/२६
हे तंत्र खेळाच्या फळीवर आणणाऱ्यांत हॉवर्ड हेड हा विमानअभियंता प्रमुख. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यात हलक्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवण्याचे काम तो जवळून पाहत होता. १९४७ मध्ये त्याने त्याच पद्धतीने बर्फावरची स्की करण्याचा ध्यास घेतला. चिकटवलेले थर रबरी पिशवीत घालून आतील हवा शोषून काढायची आणि पिशवी उकळत्या इंजिन-तेलात बुडवायची, अशी त्याची घरगुती भट्टी होती. पहिल्या सहा जोड्या प्रशिक्षकांच्या हाती मोडल्या. तो पुन्हा पुन्हा करीत राहिला आणि १९५० मध्ये टिकणारी स्की तयार झाली.

१७/२६
हेडची ती पिशवी आज जगभरच्या हौशी कारागिरांचे प्रमुख साधन आहे. कारखान्याच्या प्रेसला लाखो रुपये लागतात; वातावरण मात्र फुकट आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. ८० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद फळीचे क्षेत्रफळ १६०० चौरस सेंटिमीटर भरते. पिशवीतील हवा पूर्ण काढली, तर फळीवर सोळाशे किलोंचा भार पडतो, आणि तोही सर्वत्र सारखा. वर विटा रचून हे साधत नाही, कारण वीट जिथे टेकते तिथेच दाबते. वक्र फळीवर तर मुळीच नाही.

१८/२६
त्यानंतर फळ्या भराभर बदलल्या. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधील शर्मन पॉपेन याने मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या. त्यातून ‘स्नर्फर’ आणि पुढे स्नोबोर्ड आला. कॅलिफोर्नियात पन्नाशीच्या दशकात मुले फळकुटाला रोलर-स्केटची चाके ठोकत होती. १९७६ मध्ये कॅनडातील विली विंकल याने मेपलचे पातळ थर चिकटवून स्केटबोर्डची फळी केली आणि सात थरांची मेपल फळी हेच पुढे प्रमाण ठरले. सातांपैकी पाच थर साधारणतः लांबीच्या दिशेने, तर दोन आडवे बसवतात. सक्काराच्या पेटीचे तत्त्व येथे चाकांवर आले.

१९/२६
फळकुटाला चाके ठोकणे हे केवळ कॅलिफोर्नियात घडले नाही. महाराष्ट्रातील गिरणगावांत, कामगार वसाहतींत आणि गावोगावच्या उतारांवर ‘बेअरिंगची गाडी’ धावत होती. खोक्याची फळी, दोन आडव्या दांड्या आणि गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बॉल-बेअरिंगे एवढेच सामान. डांबरी रस्त्यावर तिचा खणखणाट दूरवर ऐकू येई. तिला कोणी पेटंट घेतले नाही आणि तिचा इतिहासही कोणी लिहिला नाही. खेळाच्या घरगुती फळीचा येथील पूर्वज शोधायचा, तर तो हाच. तिच्यात एकच गोष्ट नव्हती: थर. एका तुकड्याची फळी रेषेवर चिरली की गाडी संपली.

२०/२६
थर पक्के बसवायचे, तर भरवशाचा चिकट पदार्थ हवा. जुना सुतार सरस वापरी. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला सरस वापरण्यापूर्वी गरम करावा लागे, त्याला दर्प येई आणि पावसाळ्यात तो सुटे. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने हे चित्र पालटले. पांढरा, थंडच लावायचा, डब्यातून थेट फळीवर. मग तक्तेही घराघरांत शिरले. हैदराबादच्या बेकलाइट हायलम कंपनीच्या ‘डेकोलम’ तक्त्यांची मोठी ओळख होती. कंपनीच्या नावात बेकेलँड, आणि सुताराच्या बोलीत अभ्रक.

२१/२६
आता पुन्हा खाडीपलीकडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची आणि सिडकोची १९७० ची. मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळी गावांच्या या किनाऱ्यावर ठाणे–बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांतील हर्डिलिया केमिकल्समध्ये फिनॉल आणि ॲसिटोन तयार होत असे. बेकेलँडच्या राळेतील मुख्य घटक हाच फिनॉल. लाखेला पर्याय म्हणून परदेशात जन्मलेल्या राळेचा कच्चा माल अशा रीतीने येथे घडू लागला. त्या भरभराटीची किंमत खाडीचे पाणी, मासेमारी आणि जमिनी गेलेली कुटुंबे यांनी मोजली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

२२/२६
दुसरीकडे लाखेचे काय झाले? संशोधनासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात चपडा इतका मोलाचा ठरला की १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठी त्याच्या वापरावर निर्बंध घातले. परंतु १९४८ मध्ये व्हायनिलची दीर्घ तबकडी आली आणि मोठे गिऱ्हाईक गेले; वीजउद्योग त्याआधीच कृत्रिम राळेकडे वळला होता. जंगलातील कुटुंबांचे रोख उत्पन्न आटले. अभ्रकाच्या पट्ट्यातही बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ‘ढिब्रा’, म्हणजे अभ्रकाचा चुरा वेचणारी माणसे आणि मुले मागे राहिली. पर्यायाचा शोध लागतो, तेव्हा मूळ वस्तूवर जगणाऱ्यांची नोंद क्वचितच ठेवली जाते.

२३/२६
आज घरी टॉपशीट बसवणारा जे करतो, त्यात या साऱ्या टप्प्यांचा ठसा आहे. पत्र्याची मागची बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करायची, कारण गुळगुळीत पृष्ठभागाला राळ धरत नाही. स्पिरिटने धूळ आणि बोटांचे तेल पुसायचे. इपॉक्सी राळ आणि हार्डनर मापात मिसळून पातळ, सारखा थर द्यायचा. पत्रा मध्यापासून कडांकडे दाबत न्यायचा, म्हणजे हवा बाहेर पडते. मग पिशवी, पंप आणि सुमारे एक दिवसाचा संयम. कडा शेवटी कानशीने घासायच्या. हातमोजे आणि खेळती हवा अत्यावश्यक. कच्च्या इपॉक्सीने त्वचेला जडलेली ॲलर्जी पुढे कायमची राहू शकते.

२४/२६
नवी मुंबईत यापुढची अडचण पावसाळ्याची. जुलैत हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. लाकूड पाणी शोषून फुगते, पत्रा फुगत नाही; फक्त एकाच बाजूला पत्रा असेल, तर फळी वाकते. म्हणून चांगला सुतार दाराच्या मागच्या बाजूलाही तक्ता लावतो, आणि प्लायवुडचे थरही तीन, पाच, सात असे विषम असतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजू सारख्या राहतात. कॅरमचा नियमही हेच जपतो: ७४ सेंटिमीटरपर्यंतचा चौरस, किमान ८ मिलिमीटरचा प्लाय आणि इतका गुळगुळीत पृष्ठभाग की जोरात मारलेला स्ट्रायकर साडेतीन फेऱ्या धावावा. वाकलेल्या फळीवर ते अशक्य आहे.

२५/२६
भारतात या खेळांचे वय अजून कोवळे आहे. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात, जनवार नावाच्या खेड्यात स्केटपार्क उभा राहिला. तिथली आदिवासी मुलगी आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. स्केटबोर्डिंगला ऑलिंपिकमध्ये पहिले स्थान टोकियोत, २०२१ मध्ये मिळाले. चांगली आयात फळी अजूनही अनेकांना परवडत नाही. म्हणून घरी फळी घडवण्याचे ज्ञान येथे निव्वळ हौस राहत नाही. खेळात प्रवेश मिळवण्याचा तो एक मार्ग ठरतो. आणि त्यात हयगय झाली, थर सुटला, तर हाड मोडते ते खेळाडूचे.

२६/२६
या प्रवासातील प्रत्येक टप्प्याचे श्रेय कोणाच्या तरी नावावर नोंदलेले आहे: बेकेलँड, ओकॉनर, फेबर, हेड, विंकल. पळसाच्या फांद्या खरवडणारी कुटुंबे, कोडरमाचे खाणकामगार, सावंतवाडीचे चितारी आणि बेअरिंगची गाडी करणारी मुले मात्र निनावी राहिली. शोधकांचे कर्तृत्व याने कमी होत नाही. पण एकाच बाजूला पत्रा चिकटवलेली फळी वाकते, हे कारागीर जाणतो. इतिहासाच्या अभ्यासकानेही ते जाणावे. पुढच्या वेळी सनमायकाची तपकिरी पाठ दिसली की पळस आणि कोडरमा यांची आठवण व्हावी, एवढ्यासाठी हा थ्रेड. (समाप्त)